ब्रेडीला शून्य स्टार दिले कुणी?

तो मेसेज मला आधी तिघांनी पाठवला होता. तिन्ही वेळा अर्धा वाचून सोडून दिला. चौथ्यांदा तो भाऊजींनी जेवताना मोठ्याने वाचून दाखवला, आणि समोर माझा भाचा बसला होता. तेव्हा मात्र घास घशातच अडकला.

भाचा बारावीत आहे, अमेरिकन फुटबॉलमध्ये लाइनबॅकर, म्हणजे बचावफळीत खेळतो. ताईचं घर डॅलसच्या उत्तरेला. इथे शुक्रवारी रात्री गावंच्या गावं फुटबॉलला लोटतात, आणि जवळच्या ॲलन गावच्या हायस्कूलचं स्टेडियम १८,००० प्रेक्षकांचं आहे. हायस्कूलच्या खेळाडूंना पाचपैकी स्टार देणाऱ्या रेटिंगच्या एका संकेतस्थळावर भाच्याच्या नावापुढे दोन स्टार दिसतात, दुसऱ्यावर त्याचं नावच नाही. पण डिव्हिजन टूच्या, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या दुसऱ्या पातळीवरच्या, एका कॉलेजने त्याला जवळजवळ निम्मी फी सुटेल अशी ऑफर दिली आहे. गेल्या महिन्यात ताईने त्यासाठी पेढे वाटले. आता हा मेसेज आला आणि घरात वेगळंच वारं सुटलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: हायस्कूलच्या फुटबॉल खेळाडूंना दिले जाणारे स्टार म्हणजे शुद्ध थोतांड. पुरावे सहा. एक, सुपर बाउलच्या, म्हणजे एनएफएल या व्यावसायिक लीगच्या अंतिम सामन्याच्या, संघांत निम्म्याहून जास्त खेळाडू तीन किंवा त्याहून कमी स्टारचे असतात. दोन, सात सुपर बाउल जिंकणाऱ्या टॉम ब्रेडीला शून्य स्टार होते. तीन, स्टार पैसे टाकून मिळतात. चार, खरे कोच रेटिंगकडे ढुंकूनही बघत नाहीत. पाच, इंडियाना विद्यापीठाने फाइव्ह-स्टारांच्या फौजेशिवाय कॉलेज फुटबॉलचं राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकलं. आणि सहा, म्हणून छोट्या कॉलेजची ऑफर धुडकावा, मोठ्या विद्यापीठात स्कॉलरशिपशिवाय, वॉक-ऑन म्हणून शिरा, एनएफएल गाजवणाऱ्या जे. जे. वॉटने तेच केलं. खाली अर्थातच ‘प्रत्येक पालकापर्यंत पोचवा’.

मी विमा कंपनीत आकडेमोड करून पोट भरतो. त्यामुळे पहिल्या मुद्द्यालाच डोकं फिरलं.

तो मुद्दा आकड्याने खरा आहे, हीच तर त्यातली गोम. २०१४ च्या एनएफएल ड्राफ्टनंतर, म्हणजे संघ पाळीपाळीने कॉलेजातले खेळाडू उचलतात त्या निवडीनंतर, बड एलियट या पत्रकाराने एसबी नेशन या क्रीडा संकेतस्थळावर साधा हिशेब मांडला होता. त्या वर्षी २५६ जणांची निवड झाली. त्यांत फाइव्ह-स्टार १६, फोर-स्टार ७७, थ्री-स्टार ९२ आणि टू-स्टार किंवा बिनस्टारचे ७१. मेसेजवाल्याने इथेच वही मिटली असती: बघा, २५६ पैकी १६३ जण तीन किंवा त्याहून कमी स्टारचे! एलियटने शेजारचा रकानाही भरला. मुळात त्या त्या गटात पोरं होती किती? फाइव्ह-स्टार २७, फोर-स्टार ३९५, थ्री-स्टार १,६४४ आणि त्याखालचे २,४३४. म्हणजे फाइव्ह-स्टारांत पाचांतले तीन ड्राफ्टमध्ये गेले, फोर-स्टारांत पाचांतला एक, थ्री-स्टारांत अठरांतला एक, आणि त्याखाली चौतिसांतला एक.

भाऊजी मूळचे देवगडचे, म्हणून त्यांना आंब्यांत सांगितलं. एका पेटीत २७ हापूस, त्यांतले १६ अव्वल निघाले. अंगणात २,४३४ रायवळांचा ढीग, त्यांतले ७१ अव्वल. ताटात वाढलेले आंबे मोजले तर रायवळच जास्त भरणार, कारण ढीगच केवढा आहे! म्हणून उद्या बाजारात कुणी पेटी सोडून डोळे मिटून ढिगात हात घालेल का? भाऊजी म्हणाले, रस काढायचा तर रायवळच. बरोबर आहे, पण विषय तो नव्हता.

शिवाय ‘थ्री-स्टार’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गळका नळ असलेलं हॉटेल येतं. इथला हिशेब तसा नाही. अमेरिकेत हायस्कूल फुटबॉल खेळणारी मुलं १० लाखांहून जास्त, ती चार इयत्तांत विभागलेली. एका इयत्तेची ढोबळमानाने अडीच लाख धरा. वरच्या हिशेबात तीन किंवा जास्त स्टारचे सगळे मिळून २,०६६ होतात, म्हणजे शंभरांतला एकसुद्धा पुरता नाही. सुपर बाउल जिंकणारा पॅट्रिक महोम्स थ्री-स्टार होता हे ‘रेटिंगवाले आंधळे’ याचा पुरावा म्हणून फिरवलं जातं. रेटिंगवाल्यांनी त्याला वरच्या एक टक्क्यात बसवलं होतं! पाचच्या जागी तीन दिले ही चूकच, पण आंधळेपणा नव्हे. आणि फाइव्ह-स्टार इतके थोडे का, तर २४७स्पोर्ट्ससारखी मंडळी वर्षाला साधारण ३२ जणांनाच ते देतात. ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत ३२ जागा असतात, त्या हिशेबाने.

आता ब्रेडी. इथे मला हसावं की रडावं कळेना.

टॉम ब्रेडी कॅलिफोर्नियातल्या सॅन मटेओच्या सेरा हायस्कूलमधून १९९५ साली बाहेर पडला. स्टार वाटणाऱ्या संकेतस्थळांचा धंदा उभा राहिला तो त्या दशकाच्या अखेरीला. मग त्याला शून्य स्टार दिले कुणी? उद्या म्हणाल, शिवाजी महाराजांनी यूपीएससीची परीक्षा दिली नव्हती, म्हणजे परीक्षा फालतू. बरं, त्याला कुणी विचारत नव्हतं म्हणावं तर तेही नाही. मिशिगन विद्यापीठाने त्याला रीतसर स्कॉलरशिप देऊन नेलं होतं, आणि मिशिगन म्हणजे काही गल्लीतला संघ नव्हे. हे शून्य आलं कुठून, तर २००० सालच्या ड्राफ्टमध्ये तो सहाव्या फेरीत, १९९ वा निवडला गेला होता तिथून. म्हणजे त्याला ओळखायला चुकले ते एनएफएलचे पगारी जाणकार, आणि तेही पोरगा मिशिगनमध्ये पाच वर्षं काढून बावीस वर्षांचा झाल्यावर. हायस्कूलच्या रेटिंगशी याचा संबंध काय? उलट, इतक्या उशिरा इतक्या जाणत्यांची अशी फसगत होते, तर सतराव्या वर्षी अंदाज बांधणाऱ्यांकडून वेदवाक्याची अपेक्षा कशाला करायची? एवढं सगळं मी बोललो. भाचा दोन पोळ्या जास्त जेवला.

तिसरा मुद्दा, विकत मिळणारे स्टार. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागतंय, आणि ते मी आनंदाने करत नाही. पैसे मोजून काउंटरवर स्टार मिळत नाहीत. पण रेटिंगवाल्याच्या नजरेत भरायला पैसे लागतात. उन्हाळ्यातले कॅम्प, खाजगी ट्रेनर, सात-सात जणांच्या सामन्यांचे (सेव्हन-ऑन-सेव्हन) संघ, विमानाची तिकिटं, व्हिडिओची नीट कापाकापी. आमच्या भागात हे सगळं हाताशी आहे, तरी ताईचा खर्च ऐकून मला घाम फुटला. मग आडगावच्या पोराचं काय? एनएफएलचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल रचून चेंडू फेकणारा, जॉश ॲलन कॅलिफोर्नियातल्या फायरबॉ नावाच्या शेतकरी गावातला, शेतकऱ्याचाच मुलगा. हायस्कूल संपलं तेव्हा एकाही मोठ्या विद्यापीठाची ऑफर नव्हती. रीडली नावाच्या दोन वर्षांच्या कॉलेजात खेळला, मग देशभरच्या कोचना स्वतःच ईमेल धाडले, आणि शेवटी वायोमिंगने जागा दिली. २०१८ च्या ड्राफ्टमध्ये तोच सातवा. कूपर कपलाही कुणी विचारत नव्हतं. ईस्टर्न वॉशिंग्टन या छोट्या विद्यापीठात खेळला आणि २०२२ साली सुपर बाउलचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. अशा मुलांवर रेटिंग अन्याय करतं, हे मान्य. उशिरा वाढणाऱ्या अंगाच्या मुलांवरही करतं. चेंडूला लाथ मारणाऱ्या किकर आणि पंटर यांच्याकडे तर फारसं कुणी बघत नाही.

पण अंदाज बरोबर असणं आणि न्याय होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. माझ्या धंद्यात हे रोज दिसतं. पंचविशीच्या आतल्या पोरांचे अपघात जास्त होतात, म्हणून आम्ही त्यांच्याकडून जास्त हप्ता घेतो. हजार पोरांचा हिशेब लागतो, पण त्यांतला जो जपून गाडी चालवतो त्याच्यावर अन्याय होतो तो होतोच. स्टारांचं तेच आहे. ते कळपाबद्दल बोलतात. माझ्या भाच्याबद्दल त्यांना काडीची माहिती नाही.

चौथ्या मुद्द्यावर जास्त शाई खर्चत नाही. कोच स्वतः फिल्म बघतात, स्वतः पोराला धावायला लावतात, हे खरं. पण रेटिंगवालेही कोचांवर डोळा ठेवून असतात. अलाबामासारख्या बलाढ्य विद्यापीठाने एखाद्याला ऑफर दिली की त्याची फिल्म पुन्हा उघडली जाते आणि बऱ्याचदा स्टार वाढतो. म्हणजे कोच स्टारांमागे जात नसले तरी स्टार कोचांमागे जातात. हा गोल गोल कारभार मलाही खटकतो. पण त्यामुळेच स्टारांत कोचांचं मत आपोआप मुरलेलं असतं, आणि ‘कोचांचा याच्याशी संबंध नाही’ हे म्हणणं उताणं पडतं.

इंडियानाचा मुद्दा मात्र खरोखर चांगला आहे. मेसेजमध्ये तेवढाच एक. एलियटचंच आणखी एक माप आहे, ‘ब्लू-चिप रेशो’. मागच्या चार वर्षांच्या भरतीत फोर आणि फाइव्ह-स्टार निम्म्याहून जास्त असतील तोच संघ राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकतो. अलाबामा, क्लेमसन, जॉर्जिया, मिशिगन, ओहायो स्टेट, वर्षानुवर्षं हे सगळे त्या मापात बसले. २०२५ च्या हंगामात इंडियानाने ते मोडलं. सोळापैकी सोळा सामने जिंकले. क्वार्टरबॅक फर्नांडो मेंडोझा, ज्याला हायस्कूलात मोठ्यांनी फारसं विचारलं नव्हतं, हाइझमन ट्रॉफी, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, घेऊन गेला. मी ते सामने बघताना नाचलो होतो, खोटं कशाला बोलू.

पण ते जिंकले कसे, हे मेसेज सांगत नाही. कोच कर्ट सिग्नेटी जेम्स मॅडिसन विद्यापीठातून आला तो तिथले आपले खेळाडू सोबत घेऊन. मेंडोझा कॅलहून, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठातून, बदली होऊन आला. म्हणजे कॉलेजात दोन-तीन वर्षं खेळून ज्यांनी आपलं नाणं वाजवून दाखवलं होतं, अशी तयार माणसं त्याने वेचली. सतरा वर्षांच्या पोरापेक्षा बावीस वर्षांच्या गड्याचा अंदाज सोपा, एवढंच त्यातून सिद्ध झालं. आणि याचा फटका कुणाला? हायस्कूलमधून निघणाऱ्या दोन-तीन स्टारच्या पोरालाच. कोचला तयार माल मिळत असेल तर तो कच्चा घेऊन पिकायची वाट कशाला बघेल?

म्हणूनच सहावा मुद्दा वाचून मला राग आला. बाकीचे पाच फार तर दिशाभूल करतात, हा घातक आहे.

जे. जे. वॉट टू-स्टार होता, बरोबर. विस्कॉन्सिनमध्ये वॉक-ऑन म्हणून गेला, तेही बरोबर. ह्यूस्टनला तो देवासारखा आहे, तीनदा वर्षातला सर्वोत्तम बचावपटू. पण तो हायस्कूलमधून सरळ वॉक-ऑन झाला नव्हता. आधी त्याने सेंट्रल मिशिगनची स्कॉलरशिप घेतली होती, तिथे एक हंगाम खेळला होता, आणि त्या पातळीवर आपण कुठे उभे आहोत हे बघून मग बाहेर पडला. विस्कॉन्सिन हे त्याच्या स्वतःच्या राज्याचं विद्यापीठ, म्हणजे फीही राज्यातल्यांची. मधल्या काळात पिझ्झा पोचवले. उंची साडेसहा फुटांच्या घरात. भाचा माझ्या बहिणीवर गेला आहे, यापुढे मी काही बोलत नाही.

आणि तो काळही गेला. पूर्वी मोठ्या विद्यापीठाच्या संघात ८५ स्कॉलरशिपवाले आणि वर पदरमोड करणारे वॉक-ऑन, असे मिळून सव्वाशेच्या आसपास खेळाडू सहज असत. जून २०२५ मध्ये खेळाडूंच्या मोबदल्याच्या खटल्यात न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर, ती स्वीकारणाऱ्या विद्यापीठांना फुटबॉलच्या संघात १०५ जणांचीच मर्यादा आली. कात्री लागली ती कुणाला? वॉक-ऑननाच. आज जे दार सगळ्यांत आधी बंद होतंय, नेमकं त्याच दारावर जाऊन डोकं आपटा, असा सल्ला हा मेसेज देतो.

याउलट डिव्हिजन टूमध्ये एका संघाला फार तर ३६ स्कॉलरशिपइतके पैसे वाटता येतात, आणि ते तुकडे करकरून सगळ्या संघात पुरवायचे असतात. त्यांतला निम्म्या फीचा तुकडा त्या कोचने एका मुलासाठी बाजूला काढून ठेवला आहे. स्टार देणाऱ्याच्या खिशातून काही जात नाही, या कोचच्या जातं. भाच्याबद्दल कुणाचं मत मोलाचं मानायचं हे मला एवढ्यावरून कळतं. वॉटसारखे जे वॉक-ऑन चमकले त्यांच्या गोष्टी सांगायला सगळे आहेत. जे चार वर्षं सरावात दुसऱ्यांचे धक्के खाऊन, एकही सामना न खेळता, कर्ज डोक्यावर घेऊन घरी गेले, त्यांचे मेसेज कोण पाठवणार?

रात्री एलियटचा तक्ता मराठीत लिहून भाऊजींना पाठवला. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही. सकाळी ताईचा फोन आला: भाच्याने त्या कॉलेजला कळवलंय की पुढच्या शनिवारी आईबाबांना घेऊन मैदान बघायला येतो. गाडीने पाच तास. मागच्या सीटवर मीही आहे, कारण भाऊजी वाटेत पुन्हा ब्रेडीचा विषय काढणार हे ताईला पक्कं माहीत आहे.