शनिवारची तोंडी परीक्षा

आमच्या वाचनालयात पुस्तक घेणं सोपं आहे, परत करणं अवघड. खिडकीतल्या काकू मागची तारीख बघतात, दंड झाला असेल तर सांगतात आणि चष्मा नाकावर ओढून विचारतात, "कसं वाटलं?" उत्तर दिल्याशिवाय पुढचं पुस्तक हलत नाही. मागे रांग असते आणि रांगेत नेमके ते लोक, ज्यांनी ते पुस्तक माझ्या जन्माआधीच वाचलेलं असतं.

मी वाचतो डोंबिवलीहून सुटणाऱ्या लोकलमध्ये. एका हातात कडी, दुसऱ्या हातात पुस्तक. त्यामुळे माझी बरीचशी मतं मनगटात तयार होतात. 'मृत्युंजय'चं तसंच झालं. कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली, श्रीकृष्ण असे सगळे आळीपाळीने आपली बाजू मांडतात, आणि वजन एकट्या वाचकाने पेलायचं. कर्णाच्या रथाचं चाक रुतलं तेव्हा आमची गाडीही दिवा स्टेशनच्या पुढे सिग्नलला रुतली होती. काकूंना म्हटलं, "भारी आहे."

"भारी म्हणजे?"

"जड."

'कोसला' 1963 सालची. पांडुरंग सांगवीकर पुण्याला शिकायला जातो, पैसे उडवतो, नापास होऊन गावी परततो. आमच्या वडिलांना हे कथानक वाटलंच नसतं, घरचा हिशोब वाटला असता. वाचून झाल्यावर आठवडाभर माझी जीभ पांडुरंगासारखी वाकडी झाली. भाजी काय आणलीत, असं बायकोने विचारलं तर मी म्हणालो, "उदाहरणार्थ दोडकी वगैरे." पांडुरंगाची धाकटी बहीण मनी जाते त्या पानांवर मात्र घाटकोपरला उतरायचं राहिलं, थेट दादरला उतरलो. हे मत काकूंना सांगितलं नाही.

एरवी मी मतं उसनी घेतो. वाचनालयाच्या पुस्तकात समासात पेन्सिलीने लिहिणारे पूर्वसूरी असतातच. 'सुंदर!', 'पटत नाही', एका ठिकाणी नुसतं 'दूध 2 लि.' असं लिहिलेलं असतं. पहिली दोन मतं मी बिनदिक्कत वापरतो.

'बनगरवाडी'त मात्र समास कोरे निघाले, म्हणून स्वतःचं मत द्यावं लागलं. पुस्तक बारीक, मनगट खूश. धनगरांच्या वाडीत आलेला कोवळा मास्तर, मेंढरांमागे जाणारी पोरं, शाळा कशी भरवायची ही पंचाईत. मग वाडीने मिळून बांधलेली तालीम, आणि तिच्यासाठी आलेले राजेसाहेब. मी भारावून सांगितलं, "शेवट काय गोड केलाय हो! तालीम उभी राहते, सगळं छान होतं."

काकूंनी चष्मा काढला. "आणि दुष्काळ?"

"कुठला दुष्काळ?"

रांगेतून एक आजोबा म्हणाले, "अहो, मेंढरं मरतात. वाडी उठून जाते. शाळा ओस पडते!"

काकूंनी पुस्तक उघडलं. शेवटची पानं नव्हतीच. टाक्यांशी फाटक्या कडा तेवढ्या उरल्या होत्या. त्यांनी त्या कडांकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"घेताना होती?"

आता पुस्तक घेताना शेवटचं पान आहे की नाही, ते मी आधी बघतो. काकूही बघतात. त्या दोनदा बघतात, देताना आणि घेताना. "कसं वाटलं?" असं मात्र मला कोणी विचारत नाही.