आधी कोर्टाचे हुकूम तरी पाळा

'न्यायव्यवस्थेचं स्वातंत्र्य न्यायाधीशांनीच जपावं' हे लेखातलं म्हणणं अर्धंच पटलं. १९७३ ला तीन ज्येष्ठ न्यायमूर्तींना डावलून ए. एन. रे यांना सरन्यायाधीश केलं ते सरकारनं. आणीबाणीत सरकारच्या विरोधात एकट्यानं मत नोंदवणाऱ्या न्यायमूर्ती एच. आर. खन्नांना १९७७ ला डावललं, तेही सरकारनंच. खन्नांनी राजीनामा दिला. त्यांनी आणखी काय करायचं होतं?

आमच्या मराठवाड्यात वेगळीच तऱ्हा. तलावात जमीन गेलेल्याला कोर्ट वाढीव मावेजा (भरपाई) मंजूर करतं, पैसे मात्र वर्षानुवर्षे निघत नाहीत. मग कोर्टाचा बेलीफ सरकारी कचेरीत खुर्च्या, कॉम्प्युटर जप्त करायला येतो, साहेब मुदत मागून घेतात आणि म्हातारा कागदाची पिशवी काखेत मारून परत एसटी धरतो. आमदारसाहेब लग्नाला, मयतीला न चुकता हजर. या हुकमाची विचारपूस करायला सवड नाही.

सर्वोच्च आणि उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या कामातल्या वर्तनावर विधानसभेत चर्चा करायला राज्यघटनेच्या अनुच्छेद २११ ची मनाई आहे. बाहेर मात्र निकाल विरोधात गेला की कार्यकर्ते थेट न्यायाधीशाची जात काढतात (सगळ्याच पक्षांचे, उगी एकालाच कशाला बोला). नेत्यांनी निदान आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तरी ते बंद करावं.