मूडबोर्ड, बाग प्रिंट आणि आज्जीचं लुगडं

मंडळी, पोस्ट मोठी आहे, सवडीने वाचा. टेक्स्टाइल डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे मी, इथेच इंदूरला, आणि सध्या कॉलेजात ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न आहे, इन्स्पिरेशन काय घेतलंस. प्रत्येक प्रेझेंटेशनची पहिली स्लाइड हीच, तिला मूडबोर्ड म्हणतात. त्यावर महेश्वरच्या घाटाचे चार फोटो, राजवाड्याचा एक झरोका, पाच रंगांच्या चौकटी, की झालं, प्रेरणा मिळाली. मग झरोका ट्रेस करायचा, तोच पुन्हा पुन्हा मांडून रिपीट टाकायचा, कुशनवर छापायचा. मला हे मनापासून पटत नाही आणि का पटत नाही ते एकदा नीट लिहायचंच होतं.

माझं म्हणणं एवढंच की एखाद्या वस्तूचं रूप उचललं म्हणजे प्रेरणा घेतली असं होत नाही. ती वस्तू कुठल्या नियमाने बनते तो नियम समजून घ्या, आणि त्यातून स्वतःचं काहीतरी काढा, भले ते दिसायला मूळ वस्तूसारखं नसू दे.

बाग प्रिंटपासून, म्हणजे लाकडी ठशांनी छापलेल्या लाल-काळ्या कापडापासून, सुरू करते कारण माझं सगळ्यात आवडतं काम त्यातूनच निघालंय. धार जिल्ह्यात बाग नावाचं गाव आहे, इंदूरपासून साधारण दीडशे किलोमीटर. तिथले खत्री छापकार, मूळ सिंधकडचे, १९६०च्या दशकात बागला येऊन स्थिरावले. इस्माइल सुलेमानजी खत्री यांचं नाव या कामात फार मोठं आहे. गावच त्यांनी का निवडलं तर नदीसाठी, बाघिनी नदी, वाहतं पाणी. आता आपल्याला वाटतं की लाल रंग ठशाला लावला आणि कापडावर मारला, तर तसं अजिबात नसतं. लालसाठी जी खळ छापतात ती फिटकरी आणि चिंचोक्याच्या पिठाची, तिच्यात लाल रंगच नसतो. काळ्यासाठी लोखंडाची. कापड आधी हरड्याच्या पाण्यात बुडवून पिवळट झालेलं असतं, त्यावर छपाई होते, सुकते, मग नदीत धुतात आणि मग भट्टी. म्हणजे तांब्याचा मोठा हंडा, त्यात उकळतं पाणी, अलिझरिन (लाल देणारा रंग) आणि धायटीची फुलं. कापड त्यात वरखाली करत राहायचं. आणि तिथे, त्या हंड्यात, लाल उगवतो, फक्त जिथे फिटकरी बसलीय तिथेच. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा हंड्यापासून हलावंसंच वाटेना, फिकट कापड आत जातं आणि काठीवर लाल-काळं होऊन वर येतं. छापणाऱ्याने जे छापलं ते त्याला स्वतःलाही तोवर पूर्ण दिसलेलं नसतं हो!

नदी का लागते तेही तिथेच कळलं. छापल्यावर जास्तीची फिटकरी कापडातून सुटते. बादलीत धुतलं तर तीच सुटलेली फिटकरी पांढऱ्या जागेवर जाऊन बसते आणि भट्टीत तिथे गुलाबी डाग उठतो. वाहतं पाणी तिला लांब घेऊन जातं. म्हणजे बाग प्रिंटमधला तो स्वच्छ पांढरा, ज्याचं आपण इतकं कौतुक करतो, तो अर्धा नदीचा आहे. इंदूरच्या एमटी क्लॉथ मार्केटला स्क्रीनवर किंवा मशीनवर छापलेलं 'बाग' ढिगाने मिळतं, पॉलिस्टरवर सुद्धा मिळतं, वेल तीच, जाळी तीच, पण हे सगळं त्यात कुठेच नाही. बाग प्रिंटला २००८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला, तरी दुकानदार सर्रास तेच नाव लावतो.

तर माझा प्रोजेक्ट असा होता की एकही मोटिफ, म्हणजे तयार नक्षी, घ्यायचा नाही. फिटकरीने लाल येतो, लोखंडाने काळा येतो, मग दोन्ही मिसळले तर? अलिझरिनमध्ये फिटकरी-लोखंड मिसळलं की चॉकलेटी, मरून, वांग्यासारखा असे मधले रंग येतात. मी नुसते पट्टे छापले, पहिला पट्टा शुद्ध फिटकरीचा, पुढच्यात लोखंड चिमूटभर, त्याच्या पुढे आणखी थोडं, असं करत शेवटचा शुद्ध लोखंडाचा. एकच भट्टी, एकच रंग, आणि स्टोल बाहेर आला तो एका टोकाला लालभडक आणि दुसऱ्या टोकाला काळा, मधली सगळी सावली आपोआप आलेली. रंग न बदलता रंग बदललेत! ज्युरीत एका परीक्षकांनी विचारलं, छान आहे पण यात बाग दिसत कुठे? मला त्या प्रश्नाचं आजही वाईट वाटतं. कारण त्या स्टोलमध्ये बागशिवाय दुसरं काहीच नाहीये. वर्गात ज्यांनी बागची वेल फोटोशॉपमध्ये उचलून निळी केली त्यांच्या कामात मात्र सगळ्यांना बाग दिसलं. अरे, निळी वेल त्या भट्टीतून येऊच शकत नाही, मग ते बाग कसं?

दुसरं माझ्या आज्जीचं लुगडं. नऊवारी महेश्वरी, हिरव्या-मरून काठाचं. महेश्वरी म्हणजे साधारणपणे रेशमी ताणा (उभे धागे) आणि सुती बाणा (आडवे धागे), म्हणून ती इतकी हलकी आणि तरी चमक असलेली. अहिल्याबाईंनी महेश्वरला राजधानी केली, विणकर आणून वसवले, आणि काठांच्या नक्षीत किल्ल्याच्या-मंदिराच्या दगडातलं काम उतरलं, चटई, वीट, हिरा, नर्मदेची लहर. हे सगळ्यांना पाठ आहे, सगळ्या ब्रोशरमध्ये छापलेलं असतं, पण उलटी बाजू फार कमी लोक बघतात. बुगडी काठाची, म्हणजे दोन्हीकडून सुलट दिसणाऱ्या काठाची, महेश्वरी असेल तर तिला उलटी बाजूच नसते. आज्जीच्या काठात समोर जिथे मरून आहे तिथे मागे हिरवा, समोर हिरवा तिथे मागे मरून, मागे एक सुद्धा धागा लोंबत नाही. मी आज्जीला म्हटलं, अगं, हे दोन्हीकडून नेसता येतं, तर म्हणाली, "मग? एक बाजू विटली की दुसरी, लुगडं काय रोज घेतो का आपण?" डिझाइन स्कूलमध्ये ज्याला सस्टेनेबिलिटी म्हणून अख्खं सेमिस्टर शिकवतात ते हिने एका वाक्यात सांगितलं, आणि हिला त्यात विशेष काही वाटत सुद्धा नाही.

त्यावरून माझ्या मावशीच्या क्लिनिकसाठी पडदा विणला. पेशंट बसतात तिकडून एक बाजू, तपासणीच्या खोलीतून दुसरी. एरवी आतल्या माणसाच्या वाट्याला कायम पडद्याची पाठ येते, शिवण दिसते, फिका रंग दिसतो, आणि आतमध्ये तर आजारी माणूस झोपलेला असतो ना! मी कॉलेजच्या मागावर डबल क्लॉथ, म्हणजे एकावर एक दोन थर एकत्र विणलेलं कापड, लावलं, बाहेर गडद निळा, आत पिवळसर, पट्टे दोन्हीकडे पूर्ण. चटई नाही, वीट नाही, किल्ला तर कुठेच नाही. पण महेश्वरच आहे तो.

आता इंदूरबद्दल जरा रागाने लिहिते. आपल्याकडे माणिकबाग पॅलेस आहे हे इथल्याच डिझाइनच्या मुलांना धड माहीत नसतं. बाउहाउस या जर्मन डिझाइन शाळेवर निबंध लिहितील, फर्निचर डिझायनर आयलीन ग्रे कोण हे सांगतील, पण तिची ट्रान्सॅट खुर्ची आपल्या इंदूरच्या महालात होती हे नाही. दुसरे यशवंतराव होळकर, विशीतला राजा, आणि जर्मन आर्किटेक्ट एकार्ट मुथेसियस, तोही विशीतलाच, या दोघांनी १९३० ते १९३३ मध्ये ते घर उभं केलं. फर्निचर डिझायनर रूह्लमानचं टेबल, दा सिल्वा ब्रून्सचे गालिचे, शिल्पकार ब्रांकुशीची 'बर्ड इन स्पेस' शिल्पं. ब्रांकुशी त्या शिल्पांसाठी मंदिर बांधायला इंदूरला आला सुद्धा होता, ते झालं मात्र नाही. १९८० मध्ये मोनाकोला फर्निचरचा लिलाव झाला आणि सगळं जगभर पांगलं. वास्तूत आज सरकारी ऑफिस आहे, उठून बघायला जावं असं ठिकाण राहिलं नाही. मला त्यातलं काय भावतं तर त्या दोघांनी युरोपातलं घर उचलून इथे ठेवलं नाही, इंदूरच्या उन्हाचा विचार केला, काचेतून, भिंतीतून, हवेतून. फोटो बघून तशी क्रोमची खुर्ची बनवणं सोपं आहे, पण माळव्याच्या एप्रिलमध्ये क्रोमला हात लावून बघा.

आणि माझ्या लेखी या सगळ्यांच्या वर कोण असेल तर चित्रकार विष्णू चिंचाळकर, आपले गुरुजी. देवळालीकर मास्तरांच्या इंदूरच्या आर्ट स्कूलमधून चित्रकार बेंद्रे आले, हुसेन आले, ती नावं जगाला ठाऊक झाली. गुरुजी त्याच परंपरेतले, पण राहिले इथेच, गायक कुमार गंधर्व आणि पत्रकार राहुल बारपुते यांचे जिवलग. वाळकी पानं, फांद्या, तुटक्या वस्तू, यांतून चेहरे, प्राणी, पक्षी काढायचे, आणि तेही वस्तूला फारसा हात न लावता. काडी जशी आहे तशीच ठेवायची, फक्त कुठल्या बाजूने बघायचं ते ठरवायचं. मला वाटतं डिझाइनच्या पहिल्या वर्षाला दुसरं काही नाही शिकवलं आणि एवढंच शिकवलं तरी चालेल. बाजारातून काही न आणता, समोर पडलंय त्यात आधीच काय आहे ते बघायचं. हे मूडबोर्डच्या बरोब्बर उलट आहे.

काही जण म्हणतील की नक्षी उचलली तर काय बिघडलं, संस्कृती पसरते, आणि विद्यार्थ्याने कुठून तरी सुरुवात करायचीच ना. सुरुवात करा, नक्कल हात बसवायला चांगलीच असते, मी पण ट्रेसिंगच्या वह्याच्या वह्या भरल्यात. पण त्यावर स्वतःचं नाव टाकून पोर्टफोलिओत ठेवता तेव्हा तरी ठसा कोणी कोरला, कापड कोणी धुतलं, ते लिहा. ठसा कोरणारा सागवानात ती वेल कित्येक दिवस कोरतो आणि स्लाइडवर त्याच्या जागी 'ट्रॅडिशनल मोटिफ' असं लिहिलेलं असतं, जणू झाडाला लागलं होतं. त्या माणसाला नाव आहे, मजुरी आहे, आणि त्याच्या मुलाने पुढे हे काम करायचं की नाही हा त्याच्या घरातला खराखुरा प्रश्न आहे. माझ्या डिग्री प्रोजेक्टच्या शेवटच्या पानावर मी सगळ्यांची नावं त्यांना विचारून टाकणार आहे, आणि ज्यांच्याकडून शिकले त्यांना फी सुद्धा देणार आहे, प्रोजेक्टच्या बजेटमध्ये ती ओळच वेगळी धरलीय. गाइडनी आधी भुवया उंचावल्या, मग हो म्हणाले.

सध्या काम चालू आहे ते मांडणीच्या नियमावर, म्हणजे ठशाने छापताना दोन छापांमधला सांधा कुठे लपवतात, काठ कोपऱ्यात कसा वळवतात. यासाठी मला जुने, वापरून टाकून दिलेले ठसे बघायचे आहेत, तुटलेले असले तरी चालतील, उलट ते जास्त उपयोगाचे, कुठली कड आधी झिजते ते कळतं. शीतलामाता बाजार, बर्तन बाजार, खजुरी बाजार इथे विचारून झालंय. रामबाग, नारायण बाग भागात किंवा धार-देवासला कोणाच्या माळ्यावर असे ठसे पडलेले असतील तर प्लीज मेसेज करा, मी घरी येऊन मापं घेईन, कागदावर एक छाप घेईन आणि ठसा तिथेच ठेवून जाईन.