तिसऱ्या ओळीतलं यान

मी आयुष्यात एकच विज्ञानकथा लिहिली, तीपण सोसायटीच्या गणपतीच्या अंकासाठी, कारण कविता म्हणे खूप आल्या होत्या आणि पाककृतींची पानं आधीच भरलेली. कथा तीन पानी होती, सगळा राडा तिसऱ्या ओळीत झाला. ओळ अशी: "इंजिन बंद पडताच यान कक्षेतून निसटलं आणि ग्रहाच्या दिशेने कोसळू लागलं." लिहिताना माझ्या अंगावर काटा आला होता. रविवारी मेव्हणा जेवायला आला आणि त्याने तो काटा काढला.

"भाऊजी, का कोसळेल?"

"अरे, इंजिन बंद पडलं ना."

"ते बंदच असतं."

आता मी पाहिलेल्या यच्चयावत पिक्चरमध्ये इंजिन गेलं की लाल दिवे लागतात, भोंगा वाजतो आणि यान खाली येतं, मग एवढे सगळे लोक खोटं दाखवतील का? मेव्हणा म्हणाला, दाखवतील. त्याचं म्हणणं, कक्षेत असणं म्हणजे सतत पडतच राहणं, फक्त आडवा वेग एवढा असतो, सेकंदाला साधारण पावणेआठ किलोमीटर, की आपण जेवढे खाली पडतो तेवढीच पृथ्वीपण गोल असल्यामुळे खाली वळलेली असते आणि जमीन काही येतच नाही. हे मला लगेच पटलं. माझं वीस वर्षांचं होमलोन चालू आहे.

पण सासूबाई मदतीला धावल्या. "मग ते अमेरिकेचं अंतराळस्थानक, स्कायलॅब, कसं पडलं रे? आमच्या आळीत लोक आभाळाकडे बघत झोपायचे."

"आई, वर विरळ का होईना हवा असते, ती घासून घासून वेग कमी होतो. १९७३ च्या मे महिन्यात सोडलेलं, पडलं १९७९ च्या जुलैत."

म्हणजे सहा वर्षं. माझा नायक तिसऱ्या पानावर मरायचा आहे, तोवर त्याला मी खायला काय घालू?

शेवटी मी चिडून म्हणालो, हे बघ, एक पूर्ण फेरी मारली की कक्षा, विषय संपला. इथे माझी चूक झाली, कारण त्याने ताट बाजूला सारलं आणि गागारिन काढला. सोव्हिएत अंतराळवीर, १२ एप्रिल १९६१, १०८ मिनिटं, माणसाने पृथ्वीभोवती मारलेली पहिली फेरी, हे आपण शाळेत पाठ केलेलं. पण तो कझाकस्तानातल्या बायकोनूरहून पूर्वेकडे उडाला आणि उतरला रशियातल्या एंगेल्सजवळ, जे बायकोनूरच्या बरंच पश्चिमेला आहे, म्हणजे जिथून निघाला तिथवर पोचलाच नाही! मी म्हटलं, चला, म्हणजे फेरी अपुरी. तर म्हणे नाही, तेवढ्या वेळात खालची पृथ्वीच २७ अंश पुढे सरकली, त्यामुळे ताऱ्यांच्या हिशेबाने फेरी पूर्ण होऊन वर थोडी जास्तच झाली. आमचे रिक्षावालेपण मीटरचा हिशेब असाच सांगतात.

बरं, फेरी कशाभोवती तरी असायला हवी की नको? तेही नाही. आपलं सूर्याचा अभ्यास करणारं यान, आदित्य एल-१, जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर एका बिंदूभोवती फिरतंय, आणि त्या बिंदूवर काहीच नाहीये, नुसती मोकळी जागा. बायको आतून म्हणाली, "त्यात काय, हे रोज संध्याकाळी तेच करतात."

चंद्राचं तर विचारूच नका. चंद्राला पृथ्वी जेवढं ओढते त्याच्या साधारण दुप्पट सूर्य ओढतो म्हणे. म्हणजे चंद्र मुळात सूर्याकडे नोकरीला, पृथ्वीकडे फक्त डब्याची सोय. लहानपणापासून ज्याला मामा म्हटलं त्याच्याबद्दल हे ऐकून माझी कढी गार झाली.

त्या अख्ख्या दुपारीत मेव्हणा एकदाच गप्प बसला. सासूबाईंनी विचारलं, "शंकराला कुठे पूर्ण फेरी असते? सोमसूत्रापर्यंत जायचं, पाण्याची पन्हाळ ओलांडायची नाही, आलो तसं मागे फिरायचं. मग ती प्रदक्षिणा नाही?"

तो चांगला मिनिटभर गप्प. मग म्हणाला, "ती सबऑर्बिटल झाली." म्हणजे गागारिननंतर महिन्याच्या आत, ५ मे १९६१ ला अमेरिकेचा अॅलन शेपर्ड नुसता वर जाऊन पंधरा मिनिटांत खाली आला तसली. सासूबाई म्हणाल्या, "देवळात असलं काही बोलू नकोस, मार खाशील." मी लगे हाथ विचारून घेतलं की विश्वामित्रांनी आभाळात अडकवून ठेवलेला त्रिशंकू कक्षेत आहे का. तर ३५,७८६ किलोमीटरवर आणि बरोब्बर विषुववृत्तावर असेल तर चालेल, म्हणाला, तिथले उपग्रह फिरत असतात पण खालून जागच्या जागी दिसतात. उलटं लटकल्याबद्दल त्याची काही हरकत नव्हती.

संध्याकाळी अंकाचे संपादक, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरचे काका, दोनदा फोन करून गेले. मी ओळ खोडली. कोसळणं काढलं, इंजिन काढलं, निसटणं काढलं, कक्षा तर आधीच काढली होती. शेवटी जी ओळ छपाईला गेली ती अशी: "यान त्या ग्रहाच्या आसपास होतं."

रात्री दीड वाजता मेव्हण्याचा मेसेज आला.

"भाऊजी, आसपास म्हणजे किती किलोमीटर?"