मुलांसोबत विमानप्रवास: यादी बाजूला ठेवा, आधी बॅग कुठे ठेवणार ते ठरवा

सुट्ट्या जवळ आल्या की मेसेज सुरू होतात, "अगं तू मुलांना घेऊन फिरतेस ना, तुझी पॅकिंगची यादी पाठव की." यादी आहे माझ्याकडे पण मी पाठवत नाही, कारण यादीने फारसं काही साधत नाही असं माझं पक्कं मत झालंय. डायपर, वाइप्स, जास्तीचे कपडे, औषधं, खाऊ, हे न सुचणारे आईबाप मला तरी अजून भेटले नाहीत. सगळ्यांच्या बॅगेत सगळं असतं हो. फक्त ऐनवेळी सीटबेल्टचा दिवा लागलेला असतो, एक पोर मांडीवर झोपलेलं असतं, दुसरं ओकायच्या बेतात असतं आणि जे हवंय ते वरच्या कप्प्यात कुणा तिसऱ्याच माणसाच्या बॅगेमागे असतं. मग ते घेतलं होतं काय आणि नव्हतं काय, सारखंच!

म्हणून माझं म्हणणं एवढंच की काय घ्यायचं यावर आठवडाभर डोकं चालवण्यापेक्षा कुठली वस्तू कुठल्या बॅगेत आणि ती बॅग विमानात कुठे, यावर अर्धा तास घालवा. काउंटरला दिलेली बॅग ही पोचल्यावरची, ती प्रवासात नाहीच असं समजायचं. वरच्या कप्प्यातली बॅग म्हणजे काही बिघडलं तर, म्हणजे फ्लाइट लेट झाली, कनेक्टिंग चुकली, मोठी बॅग आलीच नाही तर. आणि पायाशी समोरच्या सीटखाली जी बॅग सरकवता तीच खरी प्रवासाची बॅग. ती छोटी असते म्हणून लोक तिच्यात उरलंसुरलं कोंबतात, आणि इथेच गाडी अडते. आमच्याकडे तर पॅकिंग तिच्यापासूनच सुरू होतं, मोठ्या सुटकेसचा नंबर सगळ्यात शेवटी.

ही बॅग भरून झाली की घरीच एक परीक्षा घ्यायची. खुर्चीत बसा, पोराला मांडीवर घ्या, बॅग पायाशी ठेवा आणि एका हाताने, खाली न बघता वाइप्स काढून दाखवा. नाही निघाले तर बॅग रिकामी करून परत भरा. घरातले हसतात, हसू देत. याच्यातूनच मला कळलं की एक मोठा कप्पा असलेली देखणी बॅग काही कामाची नाही, त्यापेक्षा साधी बॅग आणि तिच्यात वेगवेगळ्या रंगाचे पाउच बरे. डायपरचा पाउच वेगळाच ठेवायचा, त्यात दोन डायपर, वाइप्सचं छोटं पाकीट, खाली अंथरायला काहीतरी आणि घाण बांधायला पिशव्या, बस. विमानाच्या टॉयलेटमध्ये पोराला घेऊन आपण कसेबसे मावतो, तिथे अख्खी बॅग नेऊन ठेवणार कुठे? डायपर किती घ्यायचे याचं माझं गणित असं की घरातून निघाल्यापासून मुक्कामी पोचेपर्यंतचे तास मोजायचे (फ्लाइटचे नाही, दारापासून दारापर्यंतचे), दर दोन तासांना एक धरायचा आणि लेट होणार हे गृहीत धरून वर चारपाच टाकायचे. राहिलेले पाउचमध्ये नकोत, वरच्या बॅगेत.

आता हवेच्या दाबाबद्दल, कारण याच्याबद्दल कुणी फार बोलत नाही आणि अर्धी फजिती यानेच होते. विमान कितीही उंच उडालं तरी आतला दाब साधारण ६ ते ८ हजार फूट उंचीवर जेवढा असतो तेवढा ठेवतात. म्हणजे तो जमिनीवरच्यापेक्षा बराच कमी. त्यामुळे जमिनीवर घट्ट बंद केलेली स्ट्रॉवाली बाटली वर गेल्यावर उघडली की आत कोंडलेली हवा पाण्याला ढकलते आणि पाणी स्ट्रॉमधून थेट पोराच्या तोंडावर नाहीतर पुढच्या सीटवर. बाटली खराब नसते, हे असंच होणार. टेकऑफच्या आधी बाटली अगदी काठोकाठ किंवा जवळजवळ रिकामी ठेवायची आणि वर उघडताना आधी झाकण थोडं सैल करून हवा जाऊ द्यायची, मग स्ट्रॉ वर करायची. क्रीमच्या ट्यूबा, सिरपच्या बाटल्या यांचंही तेच, प्रत्येकाला आपापली झिपची पिशवी.

कान दुखतात तेही याच दाबामुळे, आणि वर जाताना नाही तर जास्त करून उतरताना. मुलांच्या कानाला घशाशी जोडणारी नळी बारीक आणि आडवी असते, गिळलं की ती उघडते आणि दाब सारखा होतो. म्हणून उतरताना काहीतरी चोखायला गिळायला द्या म्हणतात, बरोबरच आहे, पण वेळ चुकते. चाकं जमिनीला लागायची वाट बघत बसू नका, विमान साधारण अर्धा तास आधीच खाली यायला लागतं आणि कान तेव्हापासून दुखतात. दूध किंवा पाण्याची एक बाटली फक्त या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायची आणि ती पायाशीच हवी, कारण त्या वेळी उठून वरचा कप्पा उघडू देत नाहीत. अंगावर पिणारं बाळ असेल तर हा प्रश्नच नाही. गाढ झोपलेल्या पोराला उतरताना उठवावं लागतं, जिवावर येतं पण झोपेत गिळणं कमी होतं. विमानातली हवा भयंकर कोरडी असते त्यामुळे पाणी असंही जास्त लागतं, रिकाम्या बाटल्या सिक्युरिटीतून न्यायच्या आणि पलीकडे भरायच्या.

सिक्युरिटीवरून आठवलं. १०० मिलीचा नियम २००६ सालचा, ब्रिटनमध्ये द्रव स्फोटकांनी विमानं उडवायचा कट उघडकीस आला त्यानंतरचा. तेव्हापासून बऱ्याच आंतरराष्ट्रीय प्रवासात सगळे द्रव १०० मिलीच्या आतल्या बाटल्यांत आणि त्या १ लिटरच्या पारदर्शक पिशवीत. आता काही विमानतळांवर नवे स्कॅनर आल्याने नियम सैल झालेत, पण येताना तुम्ही दुसऱ्याच विमानतळावरून बसणार असता हे विसरू नका, तिथे जुनाच नियम असू शकतो. बाळाचं दूध, बाळाचं खाणं, लागणारी औषधं यांना बहुतेक ठिकाणी सूट असते, प्रवासापुरतं नेता येतं, फक्त ते वेगळं काढून आपणहून दाखवायचं. इथे परत माझा मुद्दा आलाच, ते सगळं एका पाउचमध्ये हाताशी असेल तर दोन मिनिटांचं काम, नाहीतर मागे रांग खोळंबलेली, पोर रडतंय आणि आपण ट्रेमध्ये बॅग उलटी करतोय. भाज्याफळांची पेस्ट, दही, जॅम हेही द्रवातच धरतात, घट्ट आहे म्हणून सुटत नाही.

पॉवर बँक केबिनमध्येच न्यायची, काउंटरला द्यायच्या बॅगेत चालत नाही. १०० वॉट-अवरपर्यंत (बॅटरीत किती वीज मावते त्याचं हे माप) सहसा परवानगी लागत नाही, म्हणजे नेहमीची २०,००० एमएएचवाली बसते (साधारण ७४ वॉट-अवर होतात). पण आता काही कंपन्या ती वरच्या कप्प्यातही ठेवू देत नाहीत, म्हणून तीही पायाशी.

कपड्यांचं थोडक्यात. प्रत्येक पोराचा एकेक सेट वेगळ्या झिपच्या पिशवीत, म्हणजे घाण झालेले त्याच पिशवीत बंद करता येतात. आणि स्वतःसाठी एक टीशर्ट घ्याच! पोर ओकतं ते स्वतःच्या अंगावर कमी आणि आपल्या अंगावर जास्त. मोठ्या बॅगा दोन असतील तर एक पोरांची, एक मोठ्यांची असं करू नका, दोन्हीत सगळ्यांचं थोडं थोडं टाका, एक हरवली तरी कुणी उघडं पडणार नाही.

खेळण्यांबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. नवीन खेळणी पॅक करून दर तासाला एक काढा वगैरे सल्ला मला पटत नाही, पाच मिनिटांत त्यांचा रस संपतो आणि तो ढीग आपल्याला वाहावा लागतो. स्टिकर, रंगीत चिकटपट्टी, एक वही. गोल काही नको, सीटखाली घरंगळलं की गेलं. कार्टून घरूनच डाउनलोड करून ठेवा, आणि पोराला हेडफोन कानावर ठेवायची सवय आहे का ते आधी बघा.

झोप यावी म्हणून सर्दीखोकल्याचं सिरप द्यायचा सल्ला मात्र कोणी दिला तर कानाआड करा. काही मुलांवर त्याचा उलटाच परिणाम होतो, पोर झोपायचं सोडून रात्रभर उड्या मारतं, आणि लहान बाळांसाठी ते धोक्याचंही आहे. तापाचं औषध मात्र हातातल्या बॅगेत हवं, मोजायच्या सिरिंजसकट, आणि वजनाप्रमाणे किती द्यायचं ते डॉक्टरांना विचारून बाटलीवरच लिहून ठेवलेलं.

आणि आता ज्यावरून घरोघरी भांडणं होतात ते. बॅग एकटीने भरली की विमानात पण ती एकटीलाच सापडते. मग बाबा शेजारी बसून विचारत राहतात, "वाइप्स कुठेत गं? मोजे कुठेत?" आणि आपण पोर हातात धरून दिशा सांगत बसतो. मदत करायची इच्छा असते हो त्यांची, पण माहितीच नाही तर करणार काय! आमच्याकडे आता पायाशी ठेवायची बॅग नवराच भरतो, मी मोठ्या बॅगा भरते, आणि प्रवासात प्रश्न विचारायची पाळी माझी. बरं वाटतं खरं सांगायचं तर. चारपाच वर्षांच्या पोराला पण पाठीवर छोटी सॅक द्या, त्यात त्याच्या दोनतीन वस्तूच ठेवा, कारण वाटेत ती सॅक तुमच्याच खांद्यावर येणार आहे. पासपोर्ट आणि बोर्डिंग पास मात्र मुलांच्या बॅगेत चुकूनही नको, ते अंगावरच्या छोट्या पर्समध्ये.

बाबागाडी बऱ्याच कंपन्या विमानाच्या दारापर्यंत नेऊ देतात, पण स्कॅनरसाठी ती रिकामी करून मिटावी लागते, तेव्हा खालच्या जाळीत सामान कोंबू नका. आणि २ वर्षांच्या आतल्या बाळाला मांडीवर घेऊन जाताना त्याच्या तिकिटावर सामान किती मिळतं ते आधी वाचा, काही ठिकाणी काहीच मिळत नाही.

मोठी सुटकेस बंद करायच्या आधी शेवटचं, अगदी वरच्या थरात सगळ्यांचे रात्रीचे कपडे, ब्रश आणि दोन डायपर ठेवायचे. रात्री अकरा वाजता पेंगणारी पोरं घेऊन पोचलात तर चेन अर्धीच उघडायची, एवढंच काढायचं आणि झोपायचं, बाकीची बॅग दुसऱ्या दिवशी दुपारी उघडली तरी चालते.