तुरीच्या मुळावरच्या गाठी

सहजीवन (दोन वेगळ्या जीवांनी एकमेकांच्या मदतीनं जगणं) कसं शिकवावं यावरच्या एका लेखात समुद्रातल्या विदूषक माशाचं उदाहरण वाचलं. छान आहे, पण आमच्या यवतमाळकडच्या पोरांनी समुद्र पाहिलेलाच नाही. मी सातवीचा वर्ग शाळेमागच्या वावरात नेतो. कपाशीत तुरीच्या ओळी असतातच. ऑगस्टमध्ये ओल्या मातीतून झाड अलगद खणून काढायचं (उपटलं की गाठी तुटतात), मुळं धुवायची आणि एक गाठ ब्लेडनं कापायची. आत गुलाबी दिसली की समजायचं, रायझोबियम गटातले जिवाणू कामावर आहेत. हवेतला नायट्रोजन झाडाला देतात, झाडाकडून साखर घेतात. एका पोरीनं विचारलं, "सर, मग कपाशीला गाठी काऊन नाही?" अख्खा तास त्यातच गेला! येताना बांधावरच्या बोरीवरची अमरवेलही दाखवतो, ती परजीवी.