रंग पक्का आहे, बाई

‘आई-बाप दोघांचे केस काळे असतील तर मूल तांबड्या केसांचं जन्मूच शकत नाही. भारतात असे केस दिसले तर ती मेंदी, नाहीतर कुपोषण. खरे लालकेशी फक्त युरोपात, आणि तेही २०६० पर्यंत संपणार.’ हा मेसेज या महिन्यात मला चौघांनी पाठवला. माझे केस जन्मापासून तांबडे आहेत, मी सोलापुरात साखर पेठेत वाढले, आणि यातलं पहिलं वाक्य माझ्या आईने आयुष्यभर ऐकलंय. म्हणून सुरुवात तिथूनच.

काळ्या केसांच्या आई-बापांना तांबड्या केसांचं मूल होतं. केसांत काळपट युमेलॅनिन आणि तांबूस फिओमेलॅनिन अशी दोन रंगद्रव्यं असतात. कोणतं जास्त बनायचं, हे बरंचसं एमसीवनआर नावाचं जनुक ठरवतं. तांबड्या केसांशी त्याचा संबंध १९९५ साली दाखवला गेला. त्याची एक प्रत आईकडून येते, एक वडिलांकडून. दोन्ही बदललेल्या असल्या तरच सहसा केस तांबडे होतात. एकच बदललेली असेल तर केस काळे राहतात आणि बदल गुपचूप पुढच्या पिढीत जातो. असे दोघे आई-बाप झाले तर दर मुलामागे ढोबळ शक्यता चारांत एक. माझ्या आजीच्या भावाचे केस असेच होते, मधल्या पिढीत कुणाचेच नाहीत. बारशाला आलेल्या बायकांनी ‘ही कुणावर गेली गं?’ विचारलं, ते कौतुकाने नव्हतं. आईने पुढे हळदीकुंकवाला जाणंच सोडलं. याचा मला अजूनही राग येतो.

आता मेंदी. पाचवीत असताना वर्गातल्या बाई म्हणाल्या, “खरं सांग, काय लावलंस?” काही नाही म्हटलं तर खोटं बोलते म्हणून तासभर मैदानात उभं केलं. दुसऱ्या दिवशी अण्णा शाळेत आले. ते चादरीच्या कारखान्यात सूत रंगवायचे. रंग पक्का की कच्चा, हे ओलं पांढरं फडकं घासून बघतात. अण्णांनी खिशातून तसंच फडकं काढलं, भिजवलं आणि बाईंसमोर माझी वेणी टोकापर्यंत घासली. मला दुखलं. फडकं पांढरंच राहिलं. “रंग पक्का आहे, बाई. पण आम्ही दिलेला नाही,” एवढंच बोलून ते कामावर गेले. खरं तर फडक्याचीही गरज नव्हती. मेंदीचे केस वाढले की मुळाशी काळे दिसतात, माझे मुळाशीही तांबडेच होते. भुवया, पापण्यासुद्धा.

कुपोषणाचा मुद्दा अर्धा खरा आहे, म्हणून जपून बोलायला हवं. प्रथिनांची फार कमतरता झाली की मुलांचे काळे केस तांबूस, विरळ, निस्तेज होतात, ओढले की सहज हातात येतात, पायांवर सूज येते. काळे केस असे बदलत असतील तर त्या मुलाला लगेच डॉक्टरांकडे न्या. पण जन्मापासून तांबडे, दाट आणि मुलगी खेळतीये, पळतीये, तर तिच्या आईला ‘जेवायला घालत नाही का?’ विचारू नका.

२०६० चं तर वरच्या हिशोबातच उत्तर आहे. जगात असे केस शंभरात एका-दोघांचे, स्कॉटलंड-आयर्लंडमध्ये जास्त. पण बदललेली प्रत काळ्या केसांच्या माणसांतूनही पुढे जाते. ती संपणार कशी?

मेसेजमध्ये नसलेली गोष्ट सांगते. या जनुकाच्या बदलामुळे बहुतेकांची त्वचा उन्हात लवकर भाजते, आणि त्वचेच्या कर्करोगाचा धोकाही वाढतो. अशी मुलगी तुमच्या वर्गात असेल तर तिला टोपी घालू द्या, सावलीत बसवा. बाईंनी मला उभं केलं तो मार्च होता, सोलापूरचा मार्च. संध्याकाळी मानेची कातडी लालभडक झाली होती, आणि आई रात्रभर त्यावर ओलं फडकं बदलत बसली होती.